तहानूबाई

३ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,
अनेक आशीर्वाद.

तू चार वर्षांची होतीस तेव्हाची गोष्ट. अप्पांच्या घराच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी तू उकिडवी बसली होतीस. हातात दुधाचा पेला. तू डावीकडे पाहिलंस, उजवीकडे पाहिलंस आणि फरशीला जे मुठीएवढं भोक होतं त्यात सगळं दूध शांतपणे ओतून टाकलंस. आतून तुझ्या आईने विचारलं, "संपलं का गं दूध?" तू म्हणालीस, "संपलं." खोटं तर नव्हतंच ते. मी दारात उभी होते. आज छत्तीस वर्षांनी सांगते, मी सगळं पाहिलं होतं आणि तोंडाला पदर लावून हसले होते. कारण त्याच भोकात तुझ्या आईने आणि मी लहानपणी काय काय ओतलं, ते आमचं आम्हाला ठाऊक.

तुझी बदली नेमकी त्याच कारखान्याच्या जागेवर झाल्याचं वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. जिथे तुझ्या आजोबांनी एकतीस वर्षं फोरमनकी केली, तिथल्या जमिनीत मुरलेलं तेल उपसायला त्यांचीच नात! आज तुझी आई असती तर तिने चार घरी सांगितलं असतं. ती नाही, म्हणून मी सांगितलं. पाच घरी.

तर त्या भोकाचं नाव तहानूबाई. नाव तुझ्या आईने ठेवलेलं. खाली अप्पांनी केलेला शोषखड्डा होता, मोरीचं पाणी जिरवायला. कितीही ओता, बाई कधी भरायची नाही. बाहुलीचा चहा, न आवडणारं औषध, एकदा तर माझी शाईची अख्खी दौत. आमची आई लवकर गेली, तेव्हा घरात मोठ्या बाईमाणसाची जागा तहानूबाईनेच घेतली होती म्हण ना. कुरकुर नाही, रागावणं नाही, जे द्याल ते गिळायची.

दर शनिवारी तिला खास खुराक असे. खड्ड्यात डास होत, म्हणून अप्पा वर्कशॉपातून यंत्राचे भाग धुऊन उरलेलं काळं रॉकेल आणून ठेवत. एक डबा. त्याच्या कडीत काठी घालून एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तुझी आई, आणि शेजारच्या लोहारकाकांची टिंगी पुढे, नुसती हुकूम सोडायला. "तहानूबाई, तोंड उघड!" ती ओरडायची की आम्ही ओतायचो. सहा वेण्या, सहा रिबिनी आणि रॉकेलचा तो वास. तुला सांगितलं तर हसशील, पण अजून कुठे तो वास आला की मला नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटतं.

आणि अप्पांचं पाणी! वसाहतीला पाणी नव्हतं तेव्हा अप्पांनीच व्यवस्थापकांशी भांडून हातपंप बसवून घेतला होता. टिंगीच्या दारासमोर, "फोरमनसाहेबांच्या खटपटीने" अशी पितळी पाटी लावून. पण आम्हा दोघींसाठी मात्र ते रोज सकाळी सायकलला दोन ॲल्युमिनियमचे डबे अडकवून आमच्या शाळेच्या विहिरीचं पाणी आणत. तीन मैल जायचं, तीन मैल यायचं. लोहारकाका चिडवायचे, "फोरमन, दारात पंप तुमच्या नावाचा आणि पाणी सिस्टरांच्या घरचं?" अप्पा म्हणायचे, "कॉन्व्हेंटचं पाणी प्यायलं की पोरींचं इंग्रजी सुधारतं." सगळी वसाहत हसायची. काकू म्हणायच्या, "मग आमच्या टिंगीलाही पाजा की घोटभर." अप्पा म्हणायचे, "दोनच डबे मावतात, वहिनी." त्यातला एक डबा अजून माझ्याकडे आहे. लोकरीचे गुंडे ठेवते त्यात.

ती पाटी अजून आहे का, बघून कळव. फोन नको. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हे बरं.

तुझी मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,
नमस्कार.

पाटी आहे. टिंगीमावशी ती रोज राखेने घासते. तिच्या हातात काठी आहे आणि ती काठी तिला चालायला कमी आणि मला ढोसायला जास्त लागते. मी कुणाची नात हे कळल्यापासून तर विचारूच नकोस. "फोरमनकाकांची नात आणि काकांच्याच पंपाला कुलूप? उघड आधी!" असं रोज सकाळी हजेरी घेतल्यासारखं म्हणते.

कुलूप का आहे ते सांगते. दोन वर्षांपूर्वी पंपाच्या पाण्याला रॉकेलचा वास यायला लागला. तपासलं तर जमिनीखाली पाण्यावर तेलाचा थर तरंगत होता. तेव्हापासून पंप बंद, चाळीस घरांना टँकर. आम्ही जागेत सात नमुना विहिरी घेतल्या आहेत, मनगटाएवढ्या जाड, खडकापर्यंत. त्यात फितीला बांधलेला एक शोधक सोडतो. तेल लागलं की तो सलग वाजतो, पाणी लागलं की तुटक. मग पंपाने तेल उपसायचं, पुन्हा मोजायचं. टिंगीमावशी म्हणते, "झाली का तुझी पिपाणी वाजवून?"

सहा विहिरी आता नुसत्या तुटक वाजतात. चार नंबर मात्र ऐकत नाही. उपसली की स्वच्छ होते, पंप बंद केला की पंधरा दिवसांत पुन्हा बोटभर तेल. म्हणजे कुठून तरी अजून येतंय. कारखान्याच्या सगळ्या टाक्या तपासल्या, एकही गळकी नाही. नकाशात दुसरं काहीच नाही. आमचे साहेब म्हणतात, चार नंबरचं माप चुकतंय. एकतीस मार्चला जागा स्वच्छ झाल्याचा दाखला द्यायचा आहे, त्या दिवशी पंप उघडायचा, वरून तारीख आली आहे. आणि पहिला पेला टिंगीमावशी पिणार, हे तिने स्वतःच ठरवून टाकलंय. तिची तब्येत बरी नाही गं. तिचे वडील रक्ताच्या आजाराने गेले, भाऊही. आता तिलाही दर महिन्याला रक्त चढवतात. म्हणते, "आमच्या घराण्याचं रक्तच पातळ."

आता तुझ्या पत्राविषयी. तुझं पत्र मी जेवताना वाचत होते. शनिवारच्या डब्यापर्यंत आले आणि घास तसाच हातात राहिला. मावशी, चार नंबरची विहीर तुमच्या जुन्या घराच्या जागेपासून बावीस मीटरवर आहे. सहा महिने आमची माणसं टाक्यांखाली शोधतायत, आणि तू मला रिबिनींच्या गोष्टी सांगता सांगता...

मला सांग, तहानूबाई नेमकी कुठे होती? तुमचं घर कधीच पाडलंय, वर गोदामाची जमीन आहे. पण टिंगीमावशीचं घर उभं आहे, तिथून धरून सांग. किती खोल? किती वर्षं ओतलंत? आणखी काही होतं का? लवकर लिही.

तुझी
ढब्बू


१७ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. दोन दिवस मी हातात सुया घेतल्या नाहीत. म्हणजे तुझी आई आणि मी, आठ-नऊ वर्षांच्या दोन पोरी, आठवड्याला एक डबा ओतत होतो, आणि त्याने चाळीस घरांचं पाणी नासलं? अगं, जरा हिशेबाने बोल. कारखान्यात रोज पिंपंच्या पिंपं यायची, आणि तुम्ही आमच्या डब्याच्या मागे लागलात! तुझे साहेब म्हणतात तेच खरं असेल, माप चुकत असेल. उगाच खाजवून खरूज काढू नये.

तरी विचारलंस म्हणून सांगते. आमची आणि टिंगीची मागची दारं एका ओळीत होती. तिच्या मागच्या उंबऱ्यावर उभी राहा, पाठ घराकडे. डावीकडे आमचा उंबरा आठ हातांवर. तिथून सरळ माझी तेव्हाची अकरा पावलं की धुण्याचा दगड, आणि दगडाला लागून फरशी. खोल किती, ते माहीत नाही. एकदा दोरीला खडा बांधून सोडला होता. दोरी संपली, खडा टेकला नाही. ओतलं म्हणशील तर तीनेक वर्षं. पुढे आम्ही शाळेत वरच्या वर्गात गेलो आणि तो खेळ संपला. आणखी काही नव्हतं.

एक मात्र माझं ऐक. अप्पांचं नाव कुठल्या कागदावर येऊ देऊ नकोस. त्यांच्यासारखा नाकासमोर चालणारा माणूस मी पाहिला नाही. आई गेल्यावर सकाळी उठून दोघींच्या वेण्या तेच घालायचे. लोखंडाच्या कामाने खरखरीत झालेले हात, पण एक केस ओढला जायचा नाही. उभ्या आयुष्यात मला एकदाच मारलं, तेही वळण लावायला. टिंगीच्या घरी खेळता खेळता तहान लागली म्हणून मी तिच्याच पेल्यातून पाणी प्यायले. अप्पांनी दारातून पाहिलं आणि आत येऊन माझ्या गालावर अशी चपराक दिली की पेला उडाला. म्हणाले, "लोकांच्या घरी मागून पाणी पितात?" आणि मग रात्री माझ्यापेक्षा जास्त तेच रडले. असा माणूस होता तो.

पाणी काय, टँकरचंही चांगलं असतं.

तुझी मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

तुझी अकरा पावलं बरोबर निघाली. एक वीतही इकडेतिकडे नाही.

साहेबांना पटवायला आठ दिवस गेले. मग गोदामाची जमीन फोडली. एक मीटरभर खाली फरशी लागली, आणि तुझं ते मुठीएवढं भोक. यंत्रावरचा माणूस बारा वर्षं अशाच जागांवर खणतोय. त्याने फरशी उचलली, खाली उतरला, वाकून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग वास आला. आम्ही सगळे मागे सरलो.

मी शोधक सोडला. तो सलग वाजायला लागला. मी फीत सोडत गेले, तो वाजतच राहिला. मला वाटलं, बिघडला. वर ओढून पुसला, पुन्हा सोडला. मावशी, बोटभर नाही, वीतभर नाही. दोन मीटर चाळीस. आकडा मी मदतनिसाकडूनही वाचून घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढा थर पाहिला नव्हता.

तो शोषखड्डा नाहीच. जुनी विहीर आहे, विटांनी बांधलेली, तळाशी दगडगोटे टाकून बुजवलेली. त्याखाली खडकात भेग आहे. आणि हातपंपाची नळी, तीस मीटर पलीकडे, त्याच भेगेतून पाणी घेते. आडात आहे तेच पोहऱ्यात आलं, दुसरं काही नाही.

विटांच्या एका खाचेत कथलाचा एवढासा कप सापडला. बाहुलीचा. कान तुटलेला. तो मी रॉकेलने नाही, साबणाने धुऊन ठेवलाय.

आता मुख्य गोष्ट. तुझं बरोबर होतं, तुमच्या डब्यांनी एवढं होणं शक्य नाही. विहिरीच्या पश्चिमेच्या अंगाला, फरशीच्या खाली कमरेएवढ्या खोलीवर, एका भाजक्या मातीच्या पाइपाचं तोंड आहे. उतार विहिरीकडे. दिशा थेट वर्कशॉपच्या धुण्याच्या हौदाची. आत गाळ आहे, आणि प्रयोगशाळा म्हणते त्यातला वरचा गाळ कारखाना बंद पडला त्या शेवटच्या वर्षाचा आहे. म्हणजे शेवटपर्यंत वाहत होता. कुठल्याही नकाशात हा पाइप नाही.

साहेब म्हणतात, खड्डा उपसू, सिमेंटने भरू, विषय संपला. पण पाइप आणि तो हौद वर्कशॉपच्या जमिनीखाली अजून भरलेला असणार. तो काढला नाही तर दाखला मिळेल, पंप उघडेल, आणि सहा महिन्यांनी तेच पाणी लोक पुन्हा पितील, वास येण्याआधी कितीतरी दिवस. वर्कशॉपची जमीन फोडायला परवानगी हवी, त्यासाठी पाइप कुणी, कधी, कुठून कुठपर्यंत टाकला हे सांगणारं माणूस हवं. टिंगीमावशीला विचारलं. तिने काठी आपटली. "काकांनी चोरून पाइप टाकला म्हणतेस? आपल्याच आजोबांना? हात दाखवून अवलक्षण!"

तुझ्या पत्रात "आणखी काही नव्हतं" असं एक वाक्य आहे. बाकी सगळं पत्र तुझ्या नेहमीच्या वळणदार अक्षरात आहे. त्या एकाच वाक्यात शाई पसरली आहे. मावशी, तुला माहीत होतं का?

ढब्बू


१९ मार्च

मावशी,

सतरा दिवस झाले. फोन उचलत नाहीस. शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तब्येत ठीक आहे, नुसती खिडकीत बसून असते.

तुला अप्पांची अब्रू सांभाळायची आहे, मला कळतं. ते माझेही आजोबा आहेत. झाकली मूठ म्हणतात तसं. पण या मुठीत पाणी आहे गं, ते गळणारच.

आज टिंगीमावशीने पंपाच्या दांड्याला लाल रिबीन बांधली. म्हणाली, "तुझ्या मावशीसारखं फूल बांधता येत नाही मला." पेला तिने घरून आणून धुऊन ठेवलाय. एकतीस तारखेला बारा दिवस आहेत.

ढब्बू


२४ मार्च

प्रिय ढब्बू,

हो. माहीत होतं.

पण तुला जे वाटतं ते नाही. पाइपासाठी मी गप्प राहिले, हे आधी खरं होतं. मग दुसरंच काही झालं. ते मला क्रमाने सांगू दे. सिस्टर म्हणायच्या, कबुली देताना मधलं पान गाळू नये.

मी नऊ वर्षांची होते. शनिवारी डबा कलंडला आणि रॉकेल माझ्या पायांवर सांडलं. फोड आले. आठवड्यावर शाळेचं संमेलन होतं, मला परी व्हायचं होतं. अप्पांना ते फोड पाहवेनात. म्हणाले, "माझ्या पोरींनी डबे कशाला वाहायचे?" मग सलग तीन सुट्ट्यांच्या दिवशी त्यांनी आणि लोहारकाकांनी मिळून चर खणला आणि वर्कशॉपच्या हौदापासून तहानूबाईपर्यंत पाइप टाकला. चोरून नाही, भरदिवसा. लोहारकाका गाणी म्हणत होते. टिंगी आणि मी त्यांना चहा नेऊन देत होतो. टिंगी तेव्हा सहा वर्षांची, तिला आठवत नसेल. हौदातलं घाण रॉकेल रोज बादल्यांनी बाहेर नेऊन टाकावं लागे, तेही काम वाचलं, म्हणून व्यवस्थापक खूश. तेव्हा सगळेच म्हणत, जमीन पिते. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे मी तुला शपथेवर सांगते.

एवढं मी तुला सतरा फेब्रुवारीलाच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. बाप होता.

मग तुझं दोन मार्चचं पत्र आलं. त्यात तू लिहिलंस, पंपाची नळी त्याच भेगेतून पाणी घेते. मी ते वाचलं, घडी घातली, लोकरीचा डबा पुढे ओढला. विणताना डोकं शांत राहतं माझं. झाकण काढलं आणि माझा हात तिथेच थांबला.

ढब्बू, तो डबा.

पाइप पडला तेव्हा मी नऊ वर्षांची. शाळेचं पाणी घरात यायला लागलं तेव्हा अकरा. तोपर्यंत आम्ही पंपाचंच पाणी पीत होतो आणि आमचं इंग्रजी काही वाईट नव्हतं. मला दरवर्षी बक्षीस मिळायचं.

सहा मैल सायकल. पावसात, तापात, एकदा तर मनगट मोडलेलं असताना. आणि मी साठ वर्षं हा विनोद लोकांना सांगत आले. तुझ्या लग्नात सांगितला. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसून सांगितला, आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नाही की दारात पंप असलेला माणूस तीन मैलांवरून पाणी का आणतो.

आणि ती चपराक. मी ती वळणाची समजत आले. तो पेला टिंगीचा होता. तिने अर्धा पिऊन मला दिला होता. अप्पांनी माझ्या हातातला उडवला. ती तिथेच उभी होती, ओठांवर पाणी, मोठे डोळे करून बघत. तिला ते काहीच बोलले नाहीत. मग तिने काय केलं सांगू? पेला उचलला, पुन्हा पंपावर गेली, भरून आणला आणि मला म्हणाली, "रडू नको, माझं पी."

दोनच डबे मावतात, वहिनी.

सतरा दिवस मी खिडकीत बसून याच्यावर काही उत्तर शोधत होते. त्यांनी पाइप बंद का केला नाही? व्यवस्थापकांना सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल? नोकरी जाईल, दोन पोरी कुठे नेऊ, असं वाटलं असेल? आणि आणखी एक सांगते, मग तूच काय ते समज. अप्पा स्वतः शाळेचं पाणी कधी प्यायले नाहीत. रोज सकाळी कामावर जाताना सगळ्यांच्या देखत पंपावर उभे राहून ओंजळीने पंपाचंच प्यायचे. लोक म्हणायचे, पाहा, फोरमन कसा आपल्यातला आहे. ते प्रायश्चित्त होतं की लोकांचा विश्वास टिकवायची युक्ती, मला माहीत नाही. एकसष्टाव्या वर्षी गेले. कशाने, ते तुझ्या आईने तुला सांगितलं असेलच. तेव्हा लोहारकाकू म्हणाल्या होत्या, "आमच्यासारखंच गं, रक्त पातळ."

ज्या हातांनी माझी वेणी घातली तेच हे हात. मला दोन माणसं करता येत नाहीत त्यांची. एकच होता.

मी एकोणतीस तारखेच्या गाडीने येते आहे. गुडघा म्हणतो नको, पण आजवर त्याचं ऐकून माझं कुठे भलं झालंय. हे पाकीट माझ्या आधी पोहोचेल. यात तीन कागद आहेत आणि सोबत शिंपीणबाईंचा जावई एक खोकं आणून देईल. कुणाला काय द्यायचं, ते नीट वाच आणि तसंच कर.

निळ्या शाईचा कागद तुझ्या साहेबांना. त्यात पाइप कुणी टाकला, कोणत्या वर्षी, हौदाच्या कोणत्या कोपऱ्यापासून, हे सगळं अप्पांच्या पूर्ण नावानिशी लिहिलंय आणि नकाशा काढलाय. वर्कशॉपच्या दारापासून पावलं मोजलीत. माझी नवव्या वर्षाची पावलं धर, आताची नव्हे. शपथपत्र करायचं असेल तर मी आल्यावर सही करीन.

त्याचीच दुसरी प्रत थेट वरच्या कचेरीला. साहेबांचे खण कधी कधी तहानूबाईसारखे असतात, कितीही घाला, भरत नाहीत.

पंपावरची पितळी पाटी उतरव आणि मला दे. टिंगीच्या हातून घासून घेऊ नकोस आता.

बाहुलीचा कप तुझ्या मुलीला. धुतला असशील तरी पुन्हा धू. तो तिच्या आजीचा आहे. गोष्ट तिला मोठी झाल्यावर सांग, पण सगळी सांग. मी अर्धीच सांगत आले.

लोकरीचे गुंडे मी शिंपीणबाईंना देऊन टाकले.

तिसरा कागद टिंगीचा. तो तू उघडू नकोस आणि तिला वाचूनही दाखवू नकोस, तिचा चष्मा शोधून दे आणि बाजूला उभी राहा. ती काठी उगारेल. खा एक.

आणि खोक्यात डबा आहे. रिकामा केलाय, तीनदा उकळत्या पाण्याने धुतलाय. मी एकोणतीसला पोहोचेपर्यंत टिंगीला एक थेंब त्या पंपाचा पिऊ देऊ नकोस, रिबीन सोडून टाक, पाहिजे तर दांडा काढून घरी ने. शाळेची विहीर अजून आहे, मी फोन करून विचारलं, कान दुखेपर्यंत. नव्या सिस्टर म्हणाल्या, या. मागच्या महिन्यातच पाणी तपासलंय त्यांनी, तरी तूही तपास. मग डबा काठोकाठ भर आणि टिंगीच्या दारात नेऊन ठेव. कुठलं पाणी आहे ते तिला आधी सांग, मग दे.

तुझी मावशी